बाकडं कुणाचं

आमच्या कॉलनीत देश रोज सकाळी बदलतो. जागा ठरलेली आहे, मारुतीच्या देवळाकडं जाताना अर्ध्या वाटेवर लागणारा कडुनिंब. बदलणारे तिघंही ठरलेले: शेजारचे निवृत्त मास्तर, दूधवाले मामा आणि मी. मी वाळूजच्या एका कारखान्यात आयुष्य घातलं, बजाजनगरच्या भाड्याच्या खोल्यांत संसार केला आणि निवृत्त होता होता बायपासच्या पलीकडं हे घर बांधलं. मास्तरांनी पाचोडकडच्या शाळांत पोरं शिकवली. मामांचे वाडवडील याच माळावर मेंढरं चारायचे. माळाचे प्लॉट झाले तशी मेंढरं गेली, आता त्यांच्याकडं म्हशी आहेत.

मास्तरांचं मत पक्कं होतं. बदल नागरिकांपासून सुरू होतो, पुढारी नंतर फेटा बांधून येतात. ‘गाव करील ते राव काय करील,’ हे ते इतक्यांदा म्हणत की कडुनिंबालाही पाठ झालं असावं. मामांचं मत तितकंच पक्कं, पण उलट. ‘राजा बोले, दळ हाले. वरून हुकूम आल्याबिगर इथं पान हालत नाय, गुरुजी.’ माझं स्वतःचं असं मत नव्हतं. ज्याची बाजू पडती दिसेल त्याला दोन शब्द पुरवायचे आणि भांडण विझू द्यायचं नाही, एवढं समाजकार्य मी मनापासून करत असे.

माझी बायको कधीमधी भाजी घ्यायला तिथून जायची. एकदा मामांचं ‘राजा बोले’ कानावर पडलं तशी थांबून म्हणाली, “पुढलं बी म्हणा की. काजी बोले, दाढी हाले.” आणि आम्हा तिघांच्या वाढलेल्या दाढ्यांकडं बघून पुढं गेली. पिशवी हलवत, झपाझप. तेव्हा ती झपाझप चालायची.

मग एका थंडीत तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला. वेळेवर दवाखाना गाठला, वाचा शाबूत राहिली, हातही सुधारला, पण डाव्या पायातलं बळ गेलं. डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं, “रोज चालल्या तर पाय चालेल. बसून राहिल्या तर बसूनच राहतील.” घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं. रस्ता सरळ, चढ नाही. पण अर्ध्या वाटेवर, कडुनिंबापाशी, तिचा पाय थरथरायला लागे. तिथं दोन मिनिटं टेकायला मिळालं तर पुढचा अर्धा रस्ता जमायचा. टेकायला मात्र काही नव्हतं.

मी उपाय काढला. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन मी तिच्यामागं चालायला लागलो. पुढं काठी टेकत ती, मागं डोक्यावर खुर्ची घेऊन मी. कॉलनीतली कुत्री तेवढी वळून बघायची राहिली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती रस्त्यातच थांबली आणि म्हणाली, “अहो, ती खुर्ची घरी ठेवा. लोकांना वाटंल मी भाषणाला निघाले.”

“मग बसशील कुठं?”

“नाय बसायची. आणि चालायची पण नाय. मला माझं माझं जायचंय. तुमची वरात घेऊन नाय जायचं.”

लोकांच्या ओट्यावर बसायला ती तयार नव्हती. बसलं की घरातून कुणीतरी बाहेर येतं, कपाळाला आठ्या घालून विचारतं, ‘कसं हाय आता?’ आणि आपल्या कुठल्या तरी मावशीला असाच झटका आला नि ती कशी गेली ते सांगतं. दोन दिवस ती खरंच चालली नाही. खिडकीपाशी बसून राहिली. मला डॉक्टरांचं वाक्य सारखं आठवे.

मी हा विषय कडुनिंबाखाली काढला. मास्तर उजळले. ते म्हणाले, “बघा, हीच वेळ! एक बाकडं बसवू. पुढाऱ्याकडं जायचं नाही, अर्ज नाही, विनंती नाही. नागरिकांचं बाकडं!” आमच्या शहरात तेव्हा पुढाऱ्याकडं जायचं म्हटलं तरी पंचाईत होती. कित्येक वर्षं महापालिकेची निवडणूकच झालेली नव्हती. त्यामुळं एक तर माजी नगरसेवक होते, नाही तर भावी. चालू कुणीच नव्हता.

मास्तरांनी घरोघरी जाऊन वर्गणी काढली आणि सिमेंटचं एक सुरेख बाकडं कडुनिंबाखाली आलं. पाठीवर काय लिहायचं यावर चर्चा झाली. मास्तरांनी ठाम नकार दिला. नाव म्हणजे अहंकार, कोरी पाठ हीच लोकशाही, असं त्यांनी आम्हाला समजावलं. पहिल्या दिवशी बायको काठी टेकत आली, बाकड्यावर बसली, पदरानं घाम पुसला आणि उठून देवळापर्यंत गेली. एकटी. मी लांबून बघत होतो. परत येताना पुन्हा बसली आणि कुणाशी तरी भाजीच्या भावावरून बोलली. इतक्या दिवसांत तिचा तो चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आठवडा झाला नसेल, बाकडं गायब झालं.

शोधत गेलो तर मागच्या गल्लीत एका घरासमोर ठेवलेलं, आणि त्यावर त्या घरातले काका पेपर वाचत बसलेले. मास्तर तापले. “अहो, हे बाकडं इथं कसं?”

“का? तुमचं हाय का?”

“आमचं म्हणजे... सगळ्यांचं आहे.”

“मग मी बी सगळ्यातच येतो की,” काका म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं.

चार जणांनी उचलून ते परत आणलं. मग कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना बसायला गेलं आणि कोपरा फुटून आलं. मग एका भाजीवाल्यानं त्यावर कोथिंबिरीच्या जुड्या मांडल्या. उठ म्हटलं तर म्हणे, पब्लिकची जागा आहे. एकदा तर शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्यांनी त्यावर उभं राहून भिंतीला गिलावा केला. वर्गणी दिलेलेही त्यांच्यात दोघं-तिघं होते. नागरिकांचं बाकडं नागरिक मनसोक्त वापरत होते, फक्त जिला हवं होतं तिला ते मिळत नव्हतं.

एक दिवस ती त्याच भरवशावर निघाली. कडुनिंबापर्यंत पोचली तर बाकडं पुन्हा कुठंतरी गेलेलं. झाडाला धरून थोडा वेळ उभी राहिली, मग खाली मातीत बसली, आणि बसली ती उठता येईना. दुधाच्या किटल्या लावून येणाऱ्या मामांनी तिला पाहिलं. गाडी बाजूला लावून, दोन बायकांना हाका मारून त्यांनी तिला घरी आणलं. तिच्या लुगड्याला माती लागलेली होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “आता ऱ्हाऊ द्या चालायचं. पुरं झालं.”

मला इतका राग आला की कुणावर काढावा कळेना. काकांवर, गवंड्यांवर, कोथिंबिरीवर की मास्तरांच्या कोऱ्या पाठीवर. मी सगळ्यांवरच काढला.

माझं ओरडून झाल्यावर मामा शांतपणे म्हणाले, “नाव टाका त्याच्यावर. बिगर नावाचा दगड बी राहत नाय इथं. शेंदूर फासला की मग पाया पडतेत.”

“कॉलनीचं नाव टाकू,” मास्तर म्हणाले.

“कॉलनीला कोण भितं, गुरुजी? भ्यावं असं नाव टाका.”

तसं नाव समोरच होतं. विजेच्या खांबावर भला मोठा फ्लेक्स, त्यावर हात जोडलेले एक भाऊ, खाली ‘भावी नगरसेवक’. त्या भाऊंना मी आयुष्यात भेटलो नव्हतो. पण माणूस सोयीचा वाटला, कारण त्यांच्या मागं उभ्या असलेल्या पोरांचेही फोटो फ्लेक्सवर होते आणि त्यातल्या एकाही पोराचा फोटो हसरा नव्हता.

मी बाकडं शोधून आणवलं आणि पेंटर बोलावला. तो रंगाचा डबा उघडत म्हणाला, “चाचा, नाम कैसा लिखनेका? मोटा के बारीक?”

“मोठं. लांबून दिसलं पाहिजे.”

‘भावी नगरसेवक’ आणि ‘यांच्या सौजन्याने’ हे शब्द उमटत असताना मास्तर निषेध म्हणून पाठ फिरवून उभे राहिले. मात्र ओळ सरळ येतेय की नाही हे ते दर मिनिटाला वळून बघत होते.

त्या दिवसापासून बाकड्याला कुणी हात लावला नाही. मांडव पडले, गिलावे झाले, कोथिंबीर आली नि गेली, बाकडं तिथंच. मागच्या गल्लीतले काका तर येता-जाता त्याच्याकडं आदरानं बघायला लागले. बायकोला मी पुन्हा निघायला तयार केलं. ती नाव वाचून म्हणाली, “कोण हे?”

“तुझे उपकारकर्ते.”

“असू दे बाई. बसायला मिळतंय ना,” म्हणत ती भाऊंच्या नावाला पाठ टेकून बसली. पुढं रोजच बसायला लागली.

इथवर सगळं ठीक होतं. पण कॉलनीत ज्यांना आतली गोष्ट माहीत नव्हती, त्यांना भाऊ भला माणूस वाटायला लागला. महिला मंडळाच्या बायका एक दिवस शाल-नारळ घेऊन त्यांच्या कार्यालयात गेल्या, बाकड्याबद्दल त्यांचा सत्कार केला आणि जाता जाता सांगितलं की आता त्या बाकड्यावर एक दिवाही हवा. भाऊ एक क्षणही गोंधळले नाहीत म्हणे. “हे तर माझं कर्तव्यच,” असं म्हणून त्यांनी शाल घेतली.

पुढच्या आठवड्यात ते बाकडं बघायला आले. सोबत पोरं, फोटोवाला. बायको तेव्हा त्यावरच बसलेली होती. भाऊ वाकून म्हणाले, “आजी, बरं वाटतं का बसायला? लई खटपट करावी लागली बरं का याच्यासाठी.”

ती म्हणाली, “व्हय, ऐकलंय. मागच्या गल्लीतून उचलून आणायला चौघं लागले म्हणं.”

भाऊंना काही कळलं नाही, पण ते हसले. आणि गंमत म्हणजे खरंच दिवा लागला. मग खड्ड्यांत मुरूम पडला. मग कचऱ्याची गाडी आठवड्यातून दोनदा यायला लागली. न केलेल्या कामाचं कौतुक झाल्यावर माणसाला काम करायची सवय लागते की काय, देव जाणे. कडुनिंबाखाली त्यावर घमासान झालं. मास्तर म्हणाले, बाकडं कुणी आणलं? नागरिकांनी. मामा म्हणाले, टिकलं कुणामुळं? दिवा कुणी लावला? मी दोघांना दोन-दोन शब्द पुरवले. बाकडं तिच्यासाठी मोकळं राहावं म्हणून आम्ही आपले उभ्यानंच भांडत होतो, एवढं आमच्या बाजूनं सांगायला हवं.

आणि मग, एवढ्या वर्षांनी, निवडणूक लागली.

आचारसंहिता म्हणजे काय हे आमच्या शहरात पोरासोरांना माहीत आहे. ज्या ज्या ठिकाणी पुढाऱ्याचं नाव आहे ते झाकायचं. पाट्यांवर कागद, भिंतींवर चुना. भाऊंच्या विरोधकानं तक्रार केली की मतदारांना बसायला बाकडं देऊन लाच दिली जात आहे. एका सकाळी पथक आलं. मागं टेम्पो. पथकाचे साहेब एरवी कुठल्याशा कचेरीत बसणारे साधे गृहस्थ असावेत. घामाघूम झालेले होते आणि त्यांचा नाश्ता झालेला नव्हता, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

“हे बाकडं कुणी बसवलं?” त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची मास्तर जन्मभर वाट बघत होते. पुढं होऊन, छाती काढून ते म्हणाले, “आम्ही. नागरिकांनी!”

“मग नाव यांचं कसं?”

मास्तरांची छाती जागच्या जागी बसली. मी म्हणालो, “संरक्षणासाठी, साहेब.”

“कुणापासून?”

“नागरिकांपासून.”

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला. मग भाऊंना फोन लावला. भाऊंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. “कुठलं बाकडं? माझा त्या बाकड्याशी काडीचा संबंध नाही. हे विरोधकांचं कारस्थान आहे!” आता बाकडं नागरिकांचं राहिलं नव्हतं आणि पुढाऱ्यानंही ते टाकलेलं. साहेब म्हणाले, बेवारस आहे, उचला.

टेम्पोवरची माणसं पुढं झाली. तेवढ्यात काठीचा आवाज आला. बायको तिच्या वेळेला निघालेली होती. आली, गर्दीकडं एकदा बघितलं आणि बाकड्यावर बसली.

“मावशी, उठा. न्यायचंय हे.”

“न्या की. मी कुठं नाय म्हणते? जरा दम जिरू द्या.”

“किती वेळ लागंल?”

“ते मला काय ठावं? पायाला विचारा.”

माणसं थांबली. साहेबांनी घड्याळ बघितलं. टेम्पोवाल्यानं तंबाखू मळायला घेतली. समोरच्या घरातून दोन बायका आल्या, काय चाललंय ते बघितलं आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या. एकीच्या हातात मेथीची जुडी होती, ती तिघींनी निवडायला घेतली. मास्तरांना राहवेना. ते घसा खाकरून म्हणाले, “बंधूंनो आणि भगिनींनो, आज या ठिकाणी—”

“गुरुजी, गप ऱ्हावा,” बायको म्हणाली. “बोललात की आंदोलन व्हईल. आम्ही नुसत्या बसलोय.”

मास्तर गप्प झाले. मामाही गप्प होते. मला काय पुरवावं ते सुचेना, म्हणून मीही गप्प राहिलो. मेथीची जुडी संपत आली तेव्हा साहेबांनी एक सुस्कारा सोडला आणि आपल्या माणसाला हाक मारली. “चुना आण रे. नाव तेवढं पूस, बाकडं राहू दे. नाव नसलं की आमचं काम झालं.”

चुन्याची बादली आली. “मावशी, जरा वाका पुढं,” तो माणूस म्हणाला. तिघी मेथीवर वाकल्या आणि त्यांच्या पाठीमागून कुंचला फिरला. भाऊ गेले. बाकड्याची पाठ पुन्हा मास्तरांना हवी तशी कोरी झाली, पण मास्तरांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही. बायको मग उठली आणि सवयीनं देवळाच्या दिशेनं गेली.

निवडणूक झाली. भाऊ निवडून आले. गुलालाची मिरवणूक कडुनिंबापाशी थांबली आणि ज्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता त्या बाकड्याला त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार घातला. माझ्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात या बाकड्यापासून झाली, असं ते बोलले. ते मात्र खरंच होतं. दुसऱ्या दिवशी तोच पेंटर आला. नाव आता आणखी मोठं झालं. ‘भावी’ गेलं आणि फोटोची चौकटही आली.

त्यानंतर आमच्या चर्चेला नवीनच रंग चढला. मास्तर म्हणत, तीन बायका बसल्या म्हणून बाकडं वाचलं, नागरिकांचा विजय. मामा म्हणत, साहेबानं ‘राहू दे’ म्हटलं म्हणून वाचलं, हुकूम वरूनच आला. मी कुणाची बाजू पडू देत नव्हतो. विषय इतका गहन होता की उभ्यानं झेपेना. कधीपासून ते आठवत नाही, पण आम्ही तिघं बाकड्यावर बसूनच बोलायला लागलो होतो.

परवाची गोष्ट. मास्तर ऐन भरात आलेले, मामा हात उडवून बोलत होते, आणि मला काठीचा आवाज आला. मी चपापलो. आम्ही तिघं एकदम सरकलो, मधे जागा केली. मी म्हणालो, “ये, बस.”

ती थांबली नाही. आमच्याकडं बघून मान हलवली आणि त्याच चालीनं पुढं गेली. कडुनिंब मागं पडला, खांब मागं पडला. डावा पाय थोडा ओढत होती, पण थरथरत नव्हता. अर्ध्या वाटेवर न टेकता ती सरळ मारुतीपर्यंत जात होती. हे आजचं होतं की कितीतरी दिवसांचं, मला सांगता येईना. रोज त्या वेळेला मी तिथंच होतो, पण बोलण्यात होतो. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, मास्तरांसमोर नाक पुसावं लागलं.

देवळात जाऊन ती परत आली तेव्हा आम्ही पुन्हा सरकायला लागलो. ती काठीवर हात ठेवून समोर उभी राहिली. एकेकाकडं बघितलं, मग आमच्या पाठीमागच्या फोटोकडं बघितलं.

“सरकू नका,” ती म्हणाली. “बसा तुम्ही. मला आता लागत नाय ते.”

आणि घराकडं निघाली. काठीचा आवाज लांब लांब जात राहिला. मग मास्तरांनी चष्मा पुसत विचारलं, “हं, तर कुठं होतो आपण?”

“इथंच की,” मामा म्हणाले.